वीस मिनिटं

रात्री पावणेदोनला मंगळवेढ्याहून जीप आली.
पारूबाई लेंडवे, वय एकेचाळीस.
कडब्याच्या गंजीत हात घातला,
तर आतून कुकरची शिट्टी वाजली म्हणे,
आणि मग मनगट.

दोन मिली रक्त. कोरडी, नवी काचेची नळी.
स्टँडला उभी केली, घड्याळ पाहिलं.
वीस मिनिटं हलवायची नाही.
"काय गं बोल्ली, झालं का?"
"नाही झालं, सर."
हातांना काहीच काम नसलेली
आख्ख्या लॅबमधली ही एकच तपासणी.

बसल्याबसल्या साखर पेठ आठवते.
आम्ही घरी सुताला नूलु म्हणतो.
बाप सांगायचा, रात्रपाळीत एकदा
मालकाचा चार नंबरचा माग सुसाट सुटला,
धोटा थांबेचना.
बटण सापडेपर्यंत सूत संपलेलं
आणि खाली चादर नव्हती,
चिंध्यांचा ढीग.

घोणशीची विकरं हेच करतात.
लोक म्हणतात, विष रक्त पातळ करतं.
पातळ कसलं? घाई करतं.
दहाव्या घटकाची कळ दाबतं, पाचव्याची दाबतं,
आणि अंगातलं सगळं सूत
जिथं जखमच नाही तिथं विणून संपवतं.
मग हिरडीला ठिगळ लावायचं तर
धागा शिल्लक नसतो.

दोन वीस. नळी तिरकी केली.
रक्त घरंगळलं,
काचेला न धरता.
फोन उचलला. "लावा, सर."

सकाळी आठला फ्रिजमधून छोटी कुपी काढते.
लेबलवर साप नाही, नुसती अक्षरं आणि तारीख.
आत तीच घोणस,
इतकी पातळ केलेली की तिला फक्त
एक कळ दाबता येते.
निलोफर बागवान, वय सव्वीस.
तीनदा राहिलं, तीनदा गेलं.
घरचे म्हणतात नजर. एकजण म्हणाली नाग मारला असेल कुणीतरी.
तिच्या रक्तातल्या पिवळ्या पाण्यात मी विष सोडते
आणि सेकंद मोजते.
इथं मला गोठायला हवंय.
उशीर झाला तर त्या उशिराला नाव आहे,
आणि नावाला औषध.

शेजारच्या स्टँडला
पारूबाईची दुसरी नळी उभी, अजून अकरा मिनिटं.
वॉर्डातून मावशी आली, ती विचारतेय,
गंज कुणी झाकली का,
दहिवर पडलं असेल.

चाळीस. एक्केचाळीस.
थांबा मावशी,
बेचाळीस