डावा डोळा उशिरा उघडतो

हॅलिफॅक्सच्या वरच्या अंगाला, घरं संपून मेंढ्या सुरू होतात तिथे
डेरिक हॅलिवेलचं गॅरेज.
आत पंचाहत्तर सालची मासेराती, मेराक.
नाकावर त्रिशूळ आहे,
पण देवाचं म्हणाल तर उत्सव वर्षातून अकरा दिवस.
बाकीचे दिवस ती ठोकळ्यांवर, जुन्या पलंगपोसाखाली,
आणि डेरिक तिच्याखाली.

मेराक हा सप्तर्षींतला एक तारा,
आपण त्याला पुलह म्हणतो.
पुलह आणि क्रतू जोडून रेघ पुढे ओढली
की ध्रुव सापडतो.
डेरिकनं बरीच वर्षं रेघ ओढली, तेव्हा
बेडफर्डचा पास्क्वाले सापडला:
एका कानानं ठार बहिरा,
दुसऱ्यानं इंजिनाची नाडी बघणारा.
तीन कार्बुरेटर तो तीन तंबोऱ्यांसारखे जुळवतो,
दुपार जाते, जवारी लागत नाही,
मग एकदम लागते.
बिल हातानं लिहितो. सावकाश.
शून्यं गोल गोल गिरवत.

ॲव्हरिलनं एकदा हिशेब मांडला होता,
मैलामागे किती पडतात त्याचा.
अर्ध्यावर तिनं पेन्सिल खाली ठेवली
आणि दोघांसाठी अंडी उकडायला लावली.

*

रविवारी झुबैर मलिक आला, ब्रॅडफर्डहून,
चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो.
लहानपणी ही गाडी त्यानं एकदाच पाहिली होती,
पेट्रोल पंपावर, मागून:
छतापासून शेपटीपर्यंत दोन उघड्या पट्ट्या
आणि मध्ये काहीच नाही, नुसती हवा.
हवा गाडीचा भाग असू शकते
हे त्याला तेव्हा कळलं. तो नऊ वर्षांचा होता.

डेरिकनं काही लपवलं नाही.
"मीठ टाकलेल्या रस्त्यावर नेऊ नकोस.
पावसात नेऊ नकोस, म्हणजे इथे नेऊच नकोस.
दारं खालून दोनदा बदलली.
ब्रेक, क्लच, दिवे सगळं एकाच हिरव्या तेलावर चालतं,
एक रुसलं की घर रुसतं.
तो लाल दिवा विझेपर्यंत हलायचं नाही.
आणि ब्रेक दाबायचा नाही,
नुसतं दाबायचं मनात आणायचं."

दोघं दिवा विझायची वाट बघत बसले.
आठ मिनिटं गप्प.
मग पाठीमागे, मणक्याला लागूनच,
कुणीतरी वजनदार पोलादी कपाट उघडावं
तसं इंजिन बोललं,
आणि झुबैरच्या चष्म्यावर वाफ आली.

तलावापर्यंत गेले, परत आले.
चढावर तिसऱ्या गियरमध्ये काय झालं
ते दोघांपैकी कुणी ॲव्हरिलला नीट सांगू शकलं नाही.
डेरिक म्हणाला, "बरी चालली."
झुबैर म्हणाला, "हो."

अंधारताना डेरिकनं दिवे लावले.
उजवा डोळा टपकन उघडला.
डावा झोपेतून उठल्यासारखा,
वर येतो, थबकतो, पुन्हा येतो.
"हे मात्र बावीस वर्षांत जमलं नाही," डेरिक म्हणाला.
झुबैर तिच्यापुढे उकिडवा बसला,
रोज पोरांपुढे बसतो तसा.
उजव्या दिव्यावर तळवा ठेवला, तो पूर्ण झाकला,
डाव्याकडे पाहत राहिला.
"आळशी डोळा आहे. चांगला झाकायचा,
म्हणजे वाईटाला काम करावं लागतं."
"मग बरा होतो?"
"सात वर्षांच्या आत पकडला तर."

किंमत कुणीच काढली नाही.
ॲव्हरिलनं तिसरा कप धुऊन पालथा घातला होता.
निघताना डेरिकनं किल्ली नाही दिली,
बिलांची फाइल दिली,
दोन्ही हातांनी, बाळ द्यावं तशी.
"आधी ही वाच. सगळी.
मग फोन कर. किंवा करू नकोस."

झुबैरनं ती आपल्या टोयोटात शेजारच्या सीटवर ठेवली.
गाडी सुरू केली तर पीं पीं वाजायला लागलं:
वजनावरून तिला वाटलं माणूस बसलाय.
उताराच्या पहिल्या वळणावर तो थांबला
आणि फाइलीला पट्टा लावला.