गाठ

खमीस बिन सालेम फोटो काढतो
तेव्हा आधी बोटं कंदुऱ्याला पुसतो.
तळव्याएवढा फोटो, कडा नागमोडी,
कोपऱ्यात कधीच्या तरी चहाचं वर्तुळ.
मध्ये त्याचा बाप, एक डोळा उन्हाने मिटलेला.
मागे विमान. नाक चौकटीबाहेर,
शेपूट पिंपांच्या रांगेमागे.
ओळखायला जे लागतं नेमकं तेच नाही.

"स्पिटफायर," खमीस सांगतो.
बाप तसंच म्हणायचा.
नातवंडंही शाळेत तसंच म्हणतात.

मी ओझरच्या कारखान्यामागे वाढलो,
पाढे चुकायचे, पण मान वर न करता
आवाजावरून मिग सांगायचो.
आता शारजात मालवाहू विमानांच्या पोटाला ठिगळं मारतो
आणि शुक्रवारी लोकांची मेलेली विमानं ओळखतो.
फी एक करक चहा.

भिंग लावलं.
पंख वर, पत्र्याच्या पडवीसारखा.
म्हणजे स्पिटफायर नव्हे, पण हे इतक्यात बोलायचं नाही.
चार खिडक्या, पाचवी बापाच्या कानामागे असावी.
डकोटा? डकोटाचा पंख खालून.
पेम्ब्रोक? ते पाय पोटात घेतं,
आणि हे तर तिरक्या दांड्यांच्या टेकूवर
जन्माचं उभं.
तीन शुक्रवार, तीन चहा.

चौथ्या शुक्रवारी विमान सोडलं आणि जमीन बघितली.
खारट मातीवर कलत्या उन्हाची सावली
पिंपांना वळसा घालून बाहेर आलेली,
तिच्या टोकाला शेपटीची उभी पाती:
एक, दोन,
तीन.

"ट्विन पायोनियर!"
इतक्या मोठ्याने ओरडलो की वरच्या बंकवरून
इस्माईल परकार उतरून आला.

त्याला विमानांचं काही नाही.
त्याने भिंग घेतलं आणि उजव्या कडेला नेलं,
जिथे नाक संपतं म्हणून मी कधी गेलोच नव्हतो.
तिथे एक माणूस होता.
हातातल्या डब्याच्या वजनाने कललेला,
डोकं चौकटीबाहेर.

"हा आमच्याकडचा."
कशावरून?
"लुंगीची गाठ बघ ना.
डावीकडे, आत मुडपलेली, टोक बाहेर.
हर्णैचे लोक बांधतात अशी, होडीत चढताना सुटत नाही.
माझा आजा अशीच बांधायचा."
आजा इथे होता?
"कोण जाणे. मस्कतला गेला म्हणतात.
पैसे दोनदा आले."

मी फोटो परत घेतला.
ट्विन पायोनियरबद्दल मला पंखाची लांबी सांगता येते,
इंजिनाचा घोर कसा, तेल कुठून गळायचं तेसुद्धा.
या माणसाच्या अंगावर कुठे नंबर नव्हता.

खमीसला शेवटी सांगितलं.
तो "बायोनियर, बायोनियर" असं तोंडात घोळवत राहिला.
मग विचारलं, स्पिटफायरपेक्षा मोठं?
बरंच मोठं. माणसं बसायची.
"मग चालेल."

मॉडेल केलं ट्यूनाच्या डब्यांच्या पत्र्याचं.
त्याच्या दुकानात, गल्ल्याशेजारी, रस्त्याकडे तोंड करून ठेवलंय.
जुनी धावपट्टी म्हणजे हाच रस्ता;
आमची कंपनीची बस रोज पहाटे
तिच्यावरून सुटते, आणि सिग्नलला अडकते.

पंखाखाली खमीसचा बाप, साबणाचा.
शेजारी काडेपेटीच्या काड्यांचा दुसरा एक,
इस्माईलने बनवला, त्याच्याच जुन्या रुमालाची लुंगी.
डोकं लावायचं की नाही यावर दोन दिवस भांडलो.
लावलं. चेहरा काढला नाही.
गिऱ्हाइकांची पोरं विमान सोडून
त्याच्या लुंगीलाच हात घालतात.
ओढू दे, इस्माईल म्हणतो.
सुटत नाही ती.

डावं चाक मात्र अजून ओलं आहे.