शीट क्रमांक चौदा

उंट मेला तो नेमका शीट चौदाच्या कडेवर.
पुढचे पाय सोहारात, मागचे सहममध्ये,
आणि दोन्ही बलदियांचे फोन सकाळपासून माझ्या टेबलावर:
परकार, नकाशा बघून सांग, उचलायचा कोणी?

नकाशात हद्द म्हणजे वादीची मधली धार.
इथं कोरड्या नदीला वादी म्हणतात.
आमच्या खेडच्या कोर्टात वादी म्हणजे फिर्याद घेऊन आलेला माणूस,
तोही असाच, वर्षानुवर्षं पायरीवर कोरडा बसलेला.
गेल्या साली ही वादी आली, दोन तास बोलली,
जाताना चाळीस मीटर दक्षिणेला सरकली.

सल्लागार कॉलिनसाहेब टोपी सावरत म्हणाले,
आमच्याकडे ओढा हलला, हद्द नाही हलली.
तीन घरं अजून पट्टी भरायला पूल ओलांडतात.
मग, टेप गुंडाळता गुंडाळता:
तो जिल्हाच आता नाही म्हणा.
शेजारच्या तिघांबरोबर एकात घातला.
नाव उरलंय कचऱ्याच्या डब्यांवर,
डबे फुटेपर्यंत.

खलफान, उंटाचा मालक, पिकअपच्या सावलीत बसून होता.
जिवंत होता तोवर माझा, म्हणाला,
मेल्यावर सरकारचा. कुठल्या, ते तुम्ही ठरवा.

बावीस वर्षं मी इथल्या हद्दी काढतोय.
प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात, मुंगीएवढं: रेखाटन, अ. र. परकार.
गावी वॉर्ड दोनच्या यादीत मी चारशे बारावा.
रुबीनानं फोनवर वाचून दाखवलं,
वय चुकलंय, अब्बांचं नाव बरोबर.
नव्या रचनेत आमचं घर गेलं तीनमध्ये,
विहीर राहिली दोनमध्ये.
हरकत घ्यायची मुदत शुक्रवारी संपली.
शुक्रवारी मला सुट्टी होती, मी झोपलो होतो.

साडेतीनला माश्या वाढल्या.
मी लिहून दिलं: पोटाचा बराचसा भाग सोहार.
त्यांचा ट्रक आला, क्रेनवाला नेपाळी,
त्यानं साखळी बांधण्याआधी उंटाचे डोळे मिटायचा प्रयत्न केला.
मिटले नाहीत.

संध्याकाळी शीट चौदा पसरली.
जुनी रेघ खोडली नाही. तिच्याखाली
तुटक तुटक दुसरी काढली,
बाजूला लिहिलं, हद्द अंदाजे.
पेन्सिलनंच. शाई सध्या नको.