सभासद यादी

लिनक्सची नवी आवृत्ती परवा रात्री उतरवून घेतली
आणि दापोलीहून निघताना पेनड्राइव्ह डब्यात ठेवला,
चपात्यांच्या खाली,
कारण इकडची खारी हवा कशातही शिरते.
हर्णैला मच्छीमार सोसायटीच्या माडीवर
चौदा वर्षांचा संगणक. त्याच्या पंख्यात
सुकटीचा वास कायमचा मुक्कामाला आहे.

वहीत माझे रकाने आखलेले:
किती सेकंदांत उठतो, किती मेमरी खातो,
वीज गेल्यावर रुसतो का.
वीज अकराला गेली, सव्वाला आली.
रुसला नाही.

पावसे भाऊसाहेब खुर्ची मागे सरकवून बघत होते,
पहिल्यांदा जेवायला आलेल्या जावयाकडे बघावं तसे.
"फुकट आहे म्हणता?"
हो.
"मग यात कुणाचं काय?"
याचं उत्तर मला वीस वर्षांत धड देता आलेलं नाही.
म्हटलं, सुकाणू आपल्या हातात राहतं.
"सुकाणूचं सोडा. प्रिंटर?"
प्रिंटर करवादला, अडला,
मग डिझेलच्या पावतीच्या तिन्ही प्रती एका दमात ओकला.

नजमा होडेकर बर्फाचं बिल घ्यायला आली.
तिला बसवलं, म्हटलं, तूच काढ.
चुकून तिनं खिडकी मिटवली,
माझ्याकडे न बघता खालच्या पट्टीतून परत वर आणली.
मी वहीत बरोबरची खूण केली.
तिनं होडीचं नाव टाइप केलं, दर्याराणी.
मी म्हटलं, आता वाऱ्यावर असं लिही.
दर्यातला रफार डोक्यावर चढला,
वाऱ्यातला र विळीसारखा वाकून बसला.
मागच्या आवृत्तीत माझा वारा
दर वेळी फुटायचा.
मी दोनदा खूण केली. तिला काही कळेना.

मग भाऊसाहेबांनी जुनी यादी उघडली.
कुठल्याशा फॉन्टात टाइप केलेली,
तो फॉन्ट विकणारी कंपनीही आता नाही.
पडद्यावर टोप्या, टिंबं, डॉलरच्या खुणा,
उलटी टांगलेली प्रश्नचिन्हं.
दोनशे बारा ओळी.

मी काही बोलायच्या आत ते वाचू लागले.
"ही पहिली, काशिनाथ तबीब.
ही इब्राहिम होडेकर, हिचा सासरा.
ही लांबलचक दिसते ती चोगले,
बायकोनं दोन्ही आडनावं लावायला लावली.
आणि इथे डॉलर आहे ना, हा जनार्दन रघुवीर.
त्या नोव्हेंबरच्या वादळात गेला.
नाव काढलं नाही मी. ठरावच झाला नाही तसा."

दोष कुणाचा, असाही माझा एक रकाना आहे.
तो तसाच ठेवून मी कीबोर्ड पुढे ओढला.
ते सांगत गेले, मी टाइप करत गेले.
नजमा बिल घेऊनही गेली नाही,
मध्येच म्हणाली, रघुवीरमधला घ पोट फुगवून बसलाय बघा.
खाली वाळूवर लिलाव सुरू झाला,
पापलेटचे आकडे नावांत मिसळू लागले,
एका तांडेलापुढे मी साडेसातशे लिहिलं, खोडलं.

एकशे नव्वदाव्या नावाला
कोपऱ्यात एक खिडकी उगवली:
अपडेट तयार आहे. आत्ता, की नंतर?
भाऊसाहेब चष्म्यावरून म्हणाले,
"जरा थांब म्हणावं त्याला."
मी नंतर दाबलं.
ते थांबलं.