पावलांचा कागद

निवतीच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली
की मी बाबांच्या मागे चार पावलं अंतर ठेवून चालते.
चालते म्हणजे वाचते.
डावं पाऊल बाहेर फेकलेलं,
उजवं त्याच्या टाचेशी येऊन अडखळलेलं,
मग एक लांब ओरखडा,
जिथं अंगठा उचललाच गेला नाही.

प्रयोगशाळेत हेच मी कागदावर करते.
पुढच्या पंजांना लाल शाई, मागच्यांना निळी,
अरुंद बोगद्याच्या टोकाशी काळोखाची एक डबी,
कारण उंदीर काळोखाकडेच धावतो.
धडधाकट उंदराचा निळा ठसा लालवर नेमका बसतो.
आमच्यांचा बसत नाही.
आमचे म्हणजे तेविसाव्या पिंजऱ्यातले,
ज्यांच्यात माणसाचं एक जनुक घातलंय:
तीन अक्षरं, तीच तीन, पुन्हा तीच,
पाढे म्हणताना पोर एकाच ओळीत रुतावं तशी.
पस्तिसाच्या आत थांबलं तर सहसा निभावतं.
बाबांचं चव्वेचाळीसला थांबलं.

गाव म्हणायचं, विष्राम तारी दुपारीच लावून येतो.
बाबांनी जन्मात थेंब घेतला नाही.
आजाही असाच न पिता झिंगायचा.
सुलोचन आत्याच्या अंगात येतं म्हणून
तिला तीन वर्षं देवळात बसवली,
नारळ फुटत राहिले, हात थांबले नाहीत.

फिरत्या दांड्यावर उंदीर ठेवायचा,
वेग वाढवत न्यायचा, पडेपर्यंतचे सेकंद लिहायचे.
आठव्या आठवड्याला एकशे ऐंशी. बाराव्याला नव्वद.
खाली मऊ गादी असते.
होडीच्या काठावरून नांगर घेऊन
धावत जाणाऱ्या माणसाखाली
काय असतं, ते मी लहानपणी पाहिलंय.

यंदा नव्या औषधाच्या पिंजऱ्यात बारा सेकंद वाढले.
फक्त बारा. तरी मी फोन करून सांगितलं.
पलीकडे बराच वेळ जीभ शब्द गोळा करत होती.
"बारा सेकंदात," बाबा म्हणाले,
"पाग मारून होता."

आई जाळ्यांच्या खोपीत सापळा लावते, सुकटीचा तुकडा अडकवून.
"थंय पगार घेवन उंदीर पोसतंस,
हंय माझी जाळी कुरतडतत ते."
रात्री खटका वाजला. मीच गेले.
सवयीनं शेपटीच्या मुळाशी धरला,
बोटाला त्याची पकड लावून पाहिली. घट्ट.
"बुडव तेका," आतून आई.

खुंटीपासून खुंटीपर्यंत ताणलेला सुंभाचा दोर होता.
त्यावर ठेवला, आणि
मोजायला सुरुवात करायच्या आत
तो दोर ओलांडून गेलाही,
एकही पाय न घसरता, अंधारात, आमच्या घराचं
काहीही अंगात नसलेला.

"खंय गेलो?"
दिसला नाही, म्हटलं.

सकाळी पुन्हा ओहोटी. बाबा पुढे.
मी मागं वळून पाहत नाही,
तिकडे माझीही पावलं उमटलेली असतात.