साडेसहा

साखर नसलेल्या साखरेच्या डब्यात
कायतान फुर्तादोनं एक काडतूस ठेवलंय.
बोटाएवढं. पितळ काळवंडलेलं,
टोक अजून गुळगुळीत, जिभेनं चाटल्यासारखं.
पोर्तुगीज गेले त्या आठवड्यात
रिवणच्या चौकीमागं त्याच्या बापाला सापडलं म्हणे.
बंदूक सापडली नाही.
म्हणून ती आता करायची.

साडेसहा, तो म्हणतो. मिलिमीटर.
साडेसहा म्हटलं की माझी बायको घड्याळ बघते.

लोक आधी बंदूक घेतात, मग गोळी शोधतात.
याचं उलटं : काजूची बी मुठीत
आणि झाड काढायचं कागदावर.
मोठा व्यास नको, खांद्याला लाथ नको.
गव्यासाठी नव्हेच, गव्याला कोण मारतो,
रानडुकरापुरती. एकच गोळी, पण शहाणी.
"आवाज करत नाही फार, आणि वाट सोडत नाही,"
होणाऱ्या जावयाबद्दल सांगावं तसं सांगतो.

नळी कुठून येणार, चाप कोण घडवणार,
परवान्यावर सही कोणाची,
हे सगळं वहीच्या पुढच्या पानावर.
पुढचं पान दर वर्षी पुढंच.

माझ्याकडे फक्त दस्ता.
शिसवाची फळी, साडेतीन हात,
माळ्यावर वाळतेय अकरा वर्षं.
दर डिसेंबरात, नाताळची घाई सुरू व्हायच्या आत,
कायतान येतो, शर्टाची बाही दुमडतो,
कोपर वाकवून उभा राहतो,
आणि मी शिंप्यासारखं माप घेतो
कोपराच्या खोबणीपासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत.
कॅलेंडराखाली भिंतीवर शिसपेन्सिलीनं :
साडेतेरा. सव्वातेरा. तेरा.
माणूस इंचांत कसा आटतो
हे मला त्या भिंतीनं दाखवलं.

मोतीबिंदू झाला तेव्हा म्हणाला, दुर्बीण लावू,
गालाकडचं लाकूड जरा उंच ठेव.
मग उजवा खांदा धरला.
आता सगळं डावरं.
मी चित्राचा कागद खिडकीच्या काचेवर पालथा धरला
आणि उलटीकडून गिरवून काढला.
त्याला ती युक्ती इतकी आवडली
की तो पोफळीवर चढलेल्या पोरासारखा हसला.

यंदा निवडणुकीआधी
गावातल्या सगळ्या बंदुका सांग्याच्या पोलीस स्टेशनात जमा.
दोरीनं चिठ्ठ्या बांधलेल्या नळ्या खांद्यावर,
रांग थेट सोड्याच्या गाड्यापर्यंत.
कायतान बससाठी उभा, एकेकाची बंदूक निरखत :
ही जड, हिचा दस्ता आखूड, हिला तेल नाही.
"माझी द्यावी लागली नाही,"
मला येऊन म्हणाला, निवडून आल्यासारखा.

परवा रात्री कणगांच्या वाफ्यात डुकरं शिरली.
बायकोनं पत्र्याचं डबडं बडवलं, ती हलली नाहीत.
मी माळ्यावर गेलो. का गेलो, ठाऊक नाही.
फळी खाली काढली,
मागच्या दारात उभा राहून खांद्याला लावली.
अख्खी, न तासलेली, ओंडक्याएवढी जड.
गाल टेकवला. शिसव रात्री पाण्यासारखं गार असतं.
अंधारात माती उकरल्याचा आवाज,
मुळं तुटल्याचा,
आणि एक मोठा श्वास, बराच जवळ.
माझं बोट कशावर तरी वाकलेलं,
तिथं काही नव्हतं.
ती पोटभर खाऊन गेली.

सकाळी कायतान आला, डिसेंबर नसताना.
"मेस्ता, अर्धो इंच उणो कर."
मी भिंतीवर खोडलं. साडेबारा लिहिलं.
फळी दारातच राहिलेली, भिंतीला टेकून,
तिच्या धुळीवर एक ओलसर काळा डाग, हाताएवढा.
त्यानं चष्मा कपाळावर सारला, वाकला,
डागाला बोट लावलं, पण पुसलं नाही.
माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग परत डागाकडे.

"हांगाच," म्हणाला,
"गाल हांगाच येवपाक जाय."