डावी चप्पल

तिच्या चपला खडकावर ठेवायचे मला पाचशे मिळाले.
जीएसटी नाही हां वर, पोनीटेलवाला हसून म्हणाला.
भरती सहा-दहाला. किल्ल्याखालचा काळा खडक.
ओढणी थोडी भिजवायची, फोन उपडा ठेवायचा,
आणि घरी येऊन गप्प भाकऱ्या थापायच्या.
अकरा माणसं उतरली होती त्यांची आमच्या न्याहारी निवासात,
तीन खोल्यांत,
बांगड्याचं तिखलं दोनदा मागून घ्यायची.
मला वाईट माणसं वाटली नाहीत.

लाट आली. उजवी राहिली, डावी गेली.
नटीची चप्पल, सोनेरी पट्ट्याची, निवतीत कुठे मिळणार?
मी माझी काढून ठेवली.
अंगठ्याशी सेफ्टी पिन लावलेली. रंग तोच,
म्हणजे उजेड गेल्यावर तोच.

साडेसातला कुणी ओरडलं, पोरगी बुडाली रे!
(ओरडणाराही त्यांचाच.)
जयवंत खवणेकर जेवत होता, हात न धुता उठला.
होडी ढकलायला चौघं. मशीन तीनदा खोकलं, लागलं.
पाठोपाठ आणखी पाच होड्या.
मी दारात.
भाकरी करपली, असं म्हणाले.
त्या रात्री मी एवढंच बोलले.

दीपगृहाचा झोत फिरत राहिला,
दर फेरीला रिकामं पाणी दाखवत.
पहाटे जयवंत आला, पंखा खडकावर मोडून,
वाळूत बसला आणि पोरासारखा रडला.
"माका गावली नाय गो."
माडामागे कॅमेरा होता.
शलाका वर्तक तेव्हा कुडाळच्या हॉटेलात झोपलेली,
एसी अठरावर.

दुपारपर्यंत लोकांनी मोबाइलवर मेणबत्त्या लावल्या.
संध्याकाळी 'खोल'चा ट्रेलर यायचा होता,
पण त्याआधीच साताऱ्याच्या कुणा बाईने फोटो मोठा केला:
दोन पायांत दोन वेगळ्या चपला?
आणि ही पिन?

मग त्याच बोटांनी शिव्या.
हिला खरंच बुडवा, एकाने लिहिलं.
साडेचार हजारांनी त्याला अंगठा दिला.
कंपनी म्हणाली, सागरी सुरक्षेची जनजागृती होती.
नटी बिनमेकअपची येऊन रडली,
त्या रडण्याला दहापैकी तीन मार्क.
तीही पुरली नाही म्हणून जयवंतला काढलं वर:
म्हातारा दिवसाचे किती घेतो? हिच्यापेक्षा बरा करतो.
त्याच्या रडण्याखाली ढोलकी वाजवली.
नातवाने शाळेतून येऊन त्याला दाखवलं.
त्याने पूर्ण बघितलं. पुन्हा लाव म्हणाला.

पोलीस आले तोवर पोनीटेलवाला गेलेला,
खोल्यांचे पैसे बुडवून. चार्जर तेवढा विसरला.

जयवंतला मी सांगितलं. सगळं, पिनेसकट.
तो जाळं शिवत होता. सुई थांबली नाही.
"ती जिती असा मां? मग झाला."
आणि बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता,
"पंख्याक नऊ हजार गेले."
मी ती पाचशेची नोट पुढे केली.
घेईल असं वाटलं नव्हतं.
घेतली. घडी घालून कानटोपीत खोचली.

वैशाखात निपाणीची दोन पोरं पोहायला उतरली.
दिवस कलताना किल्ल्याखालून हाक आली.
वाडी उठली, पण क्षणभर, अगदी क्षणभर
सगळ्यांच्या माना माडांकडे वळल्या.
जयवंतची नाही. तो पाण्यात होता.

मी खडकापर्यंत धावले
आणि आधी काय बघितलं, तर चपला.
दोन जोड होते.
डाव्या उजव्यांशी जुळत होत्या.